मॉन्रेआलेचा मठ: ग्रीक चित्रं, लॅटिन साधू, अरब कुळं

सिसिलीच्या पूर्व किनाऱ्यावर, मेस्सिना आणि ताओर्मिना यांच्या मधल्या पट्ट्यात, आग्रो नावाची नदी समुद्राला मिळते. नदी म्हणायची इतकंच, वर्षातला बराच काळ ते गोट्यांचं कोरडं पात्र असतं. पात्राच्या कडेने थोडं आत गेलं की संत पीटर आणि संत पॉल यांच्या नावाचा जुना मठ लागतो. बाहेरून किल्ल्यासारखा दिसतो. दाराच्या वरच्या दगडी पट्टीवर ग्रीक अक्षरांत एक लेख आहे. त्याचा आशय असा: ताओर्मिनाचा मठाधिपती थिओस्टेरिक्टोस याने हे मंदिर स्वखर्चाने पुन्हा बांधलं, देवा, त्याची आठवण ठेव, वर्ष ६६८०, मुख्य गवंडी जिरार्ड, फ्रँक.

६६८० वाचून दचकू नका. बायझंटाइन लोक, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक बोलणाऱ्या साम्राज्यातले, वर्षं मोजायचे ती जगाच्या निर्मितीपासून, आणि त्यांचं नवं वर्ष १ सप्टेंबरला लागायचं. शकात ७८ मिळवले की आपल्याला इसवी सन मिळतो, तसे या आकड्यातून महिना बघून ५५०८ किंवा ५५०९ वजा करायचे. उत्तर येतं ११७१-७२.

खरी गंमत शेवटच्या शब्दात आहे. पूर्वेकडच्या ग्रीकांच्या तोंडी ‘फ्रँक’ म्हणजे पश्चिमेकडून आलेला कुणीही लॅटिन माणूस. म्हणजे मठ ग्रीक, साधू ग्रीक, लेख ग्रीक, आणि बांधणाऱ्याचं नाव जिरार्ड. भिंतीत वीट, काळा लाव्हा आणि फिकट चुनखडीचा दगड आलटून पालटून रचलाय, वर एकमेकींत गुंतलेल्या कमानी आहेत आणि दोन घुमट आहेत. ‘बायझंटाइन-नॉर्मन वास्तुकला’ हा शब्द पुस्तकात वाचला की डोक्यात काहीच उभं राहत नाही. या दारासमोर त्याचा अर्थ लागतो.

पण आग्रोचा मठ लहान आहे. ज्या वर्षांत तो नव्याने बांधला गेला, त्याच सुमारास बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पालेर्मोच्या वरच्या डोंगरउतारावर, एका विशीच्या आसपासच्या राजाने अवाढव्य मठ उभारायला घेतला. त्याचं नाव मॉन्रेआले. लॅटिनमध्ये मोन्स रेगालिस, म्हणजे राजाचा डोंगर. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल.

आधी एक गाठ सोडवायला हवी. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचे नॉर्मन लोक भूमध्य समुद्राच्या मधोमध आले कसे?

सिसिली इ. स. ५३५ पासून बायझंटाइन साम्राज्यात होती, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून राज्य चालणार, लोक ग्रीक बोलणार. ८२७ साली उत्तर आफ्रिकेतून अरब सैन्य उतरलं, ८३१ मध्ये पालेर्मो पडलं, आणि पुढची सुमारे अडीचशे वर्षं बेट मुसलमान अमीरांच्या हाती राहिलं. पश्चिम सिसिलीत अरबी भाषा रुजली, पूर्वेच्या डोंगराळ भागात ग्रीक ख्रिस्ती टिकून राहिले. अकराव्या शतकात दक्षिण इटलीत भाडोत्री शिपाई म्हणून नॉर्मन तरुण यायला लागले. घरी भाऊ जास्त आणि जमीन कमी, ही त्यांची कथा. त्यांतल्या ओतव्हिल घराण्याच्या भावांनी शिपाईगिरी सोडून प्रदेशच घ्यायला सुरुवात केली. रॉबर्ट गिस्कारने १०७१ मध्ये बायझंटाइनांचं इटलीतलं शेवटचं मोठं ठाणं, बारी, घेतलं. त्याच्या धाकट्या भावाने, रॉजरने, १०६१ ते १०९१ अशी तीस वर्षं लढून सिसिली जिंकली. रॉजरचा मुलगा दुसरा रॉजर ११३० च्या नाताळात पालेर्मोमध्ये राजा झाला. मॉन्रेआले बांधणारा दुसरा विल्यम हा त्याचा नातू.

मूठभर नॉर्मन, आणि प्रजा अरबी, ग्रीक आणि लॅटिन अशा तीन भाषांची. राज्य चालवायचं तर आधीची यंत्रणा मोडून चालणार नव्हतं. म्हणून दरबारात अरबी लिहिणारे कारकून राहिले, ग्रीक बोलणारे अधिकारी राहिले, आणि फर्मानं तिन्ही भाषांत निघू लागली. हे औदार्य होतं की हिशेब? मला तरी हिशेब वाटतो. पण हिशेबातूनही सुंदर वस्तू जन्माला येतात, हे मॉन्रेआले बघून मान्य करावं लागतं.

विल्यम गादीवर बसला ११६६ मध्ये, बारा-तेरा वर्षांचा असताना. आई मार्गारेट राज्यकारभार बघायची. ११७१ मध्ये कारभार त्याच्या हाती आला आणि लगेचच मॉन्रेआलेचा बेत निघाला. दंतकथा अशी की, शिकारीला गेलेला राजा कॅरोब नावाच्या शेंगांच्या झाडाखाली झोपला, स्वप्नात मेरीमाता आली आणि म्हणाली, तुझ्या बापाने पुरून ठेवलेलं धन या झाडाखाली आहे, ते काढ आणि माझं मंदिर बांध.

राजकारणातलं कारण जरा कमी गोड आहे. पालेर्मोचा आर्चबिशप, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू, वॉल्टर फार प्रबळ झाला होता. दरबारातला त्याचा प्रतिस्पर्धी मॅथ्यू याने राजाला सल्ला दिला की, वॉल्टरच्या दाराशीच दुसरं धर्मपीठ उभं करा, असं पुढच्या पिढीतल्या एका इतिवृत्तकाराने लिहून ठेवलंय. झालंही तसंच. ११७४ मध्ये पोप अलेक्झांडर तिसरा याने मठाला खास दर्जा दिला, ११७६ मध्ये दक्षिण इटलीतल्या कावा इथल्या बेनेडिक्टाइन मठातून शंभर साधू येऊन दाखल झाले, आणि ११८३ मध्ये पोप लुशियस तिसरा याने मॉन्रेआलेच्या मठाधिपतीलाच आर्चबिशप करून टाकलं. वॉल्टरच्या गादीपासून जेमतेम आठ किलोमीटरवर! वॉल्टरनेही हार मानली नाही. त्याने पालेर्मोचं कॅथेड्रल नव्याने बांधायला काढलं. दोन पुढाऱ्यांच्या ईर्ष्येतून गावात दोन सभागृहं उभी राहावीत, तसला हा प्रकार.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. आग्रोचा मठ ग्रीक साधूंचा होता. ते संत बेसिलच्या परंपरेतले, ग्रीकमध्ये प्रार्थना करणारे. सुरुवातीच्या नॉर्मनांनी अशा मठांना सढळ हाताने सनदा दिल्या. आग्रोला दुसऱ्या रॉजरने १११६-१७ च्या सुमारास दिली होती. विल्यमने मात्र आपल्या सगळ्यात मोठ्या मठात बसवले ते रोमला मानणारे लॅटिन साधू. वारं फिरलं होतं. आणि तरीही त्या लॅटिन मठाच्या भिंती त्याने ग्रीक धाटणीने सजवल्या.

आता आत जाऊ. मॉन्रेआलेचं चर्च १०२ मीटर लांब आणि ४० मीटर रुंद आहे. मध्ये लांबच लांब दालन, दोन्ही बाजूंना खांबांची रांग, खांबांपलीकडे अरुंद बाजूची दालनं, आणि टोकाला गाभारा. ही रचना रोमन काळापासून चालत आलेली, लॅटिन चर्चची ठरलेली. साधूंची मिरवणूक दारापासून वेदीपर्यंत चालत जायची तर लांबी हवीच. बायझंटाइन चर्चचा विचार वेगळा. तिथे चौकोनात क्रूस बसवलेला असतो आणि मधोमध घुमट. लॅटिन चर्चमध्ये नजर समोर धावते, ग्रीक चर्चमध्ये ती वर जाते.

आणि ग्रीक चर्चमध्ये कुठलं चित्र कुठे, हेही ठरलेलं. वरचा घुमट म्हणजे स्वर्ग, तिथे सर्वसत्ताधीश ख्रिस्त, ज्याला ग्रीकमध्ये पँटोक्रेटर म्हणतात. त्याखाली देवदूत आणि संदेष्टे, त्याखाली ख्रिस्ताच्या आयुष्यातले प्रसंग, अगदी खाली संत. वरून खाली येणारी उतरंडच ती. आता प्रश्न असा की, मॉन्रेआलेला घुमटच नाही, वर लाकडी छत आहे. मग स्वर्ग ठेवायचा कुठे?

कारागिरांनी पँटोक्रेटरला घुमटातून खाली आणून गाभाऱ्याच्या मागच्या अर्धगोल भिंतीच्या माथ्यावर बसवला. हीच युक्ती दुसऱ्या रॉजरच्या काळात चेफालूच्या कॅथेड्रलमध्ये केलेली होती, विल्यमने ती मोठी केली. या एका हलवाहलवीने सगळं बदललं. घुमटातला ख्रिस्त बघायला मान वर करून अगदी खाली उभं राहावं लागतं. इथे मुख्य दारातून पाऊल टाकताच शंभर मीटरवरून तो समोर दिसतो. भिंत अर्धगोल असल्यामुळे त्याचे दोन्ही हात वळणाबरोबर पुढे येतात, जणू सगळं दालन कवेत घेतोय. नुसतं ते छातीपर्यंतचं चित्र सुमारे १३ मीटर रुंद आहे! ग्रीक प्रतिमा लॅटिन इमारतीत बसवताना अडचण आली आणि अडचणीतून मूळच्याहून प्रभावी जागा सापडली. बायझंटाइन-नॉर्मन म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच एक उदाहरण देईन.

भिंतींवरचं हे काम रंगाचं नाही, मोझेकचं आहे. सहा हजार चौरस मीटरहून जास्त भिंत काचेच्या आणि दगडाच्या इवल्याशा चौकोनी तुकड्यांनी मढवलेली आहे. सोनेरी तुकडा असा बनतो: काचेच्या तळावर सोन्याचा वर्ख, त्यावर काचेचा पातळ पापुद्रा. म्हणून वर्ख झिजत नाही. भिंतीला चुन्याच्या गिलाव्याचे थर द्यायचे, वरचा थर ओला असेपर्यंतच तुकडे दाबून बसवायचे. त्यामुळे दिवसाला पुरेल तेवढाच गिलावा. चेहऱ्याला तुकडे बारीक, पार्श्वभूमीला मोठे. आणि तुकडे मुद्दाम एका पातळीत बसवायचे नाहीत, किंचित कललेले ठेवायचे, म्हणजे दिव्याचा उजेड प्रत्येकावरून वेगळा उसळतो आणि भिंत हलल्यासारखी वाटते. गुळगुळीत सपाट बसवली असती तर पितळी परात झाली असती.

एवढं काम थोड्या वर्षांत उरकलं गेलं. विल्यम ११८९ मध्ये वारला तोवर बहुतेक भाग पुरा झाला असावा. म्हणजे बायझंटाइन घडणीत तयार झालेल्या कारागिरांचा मोठा ताफा आणि हाताखाली स्थानिक मदतनीस असल्याशिवाय हे शक्य नव्हतं. मुख्य दालनाच्या वरच्या पट्टीत गाभाऱ्याच्या बाजूने, उजव्या भिंतीवर सृष्टीच्या निर्मितीपासून गोष्ट सुरू होते. ती दालनाला वळसा घालून डाव्या भिंतीवरून परत येते, आणि मग खालच्या पट्टीत पुन्हा तशीच फिरते. आदम-ईव्ह, नोहाची नौका, अब्राहम, शेवटी याकोब. चित्रांची शैली ग्रीक आहे, पण कथेखालची अक्षरं बहुतेक लॅटिन. वाचणारे साधू लॅटिन होते ना!

मग ग्रीकच का? रोममधून चित्रकार आणता आले नसते का? याचं उत्तर गाभाऱ्यापाशी, राजाच्या आसनाच्या वर मिळतं. तिथल्या मोझेकमध्ये ख्रिस्त स्वतः विल्यमच्या डोक्यावर मुकुट ठेवतोय. मध्ये ना पोप, ना बिशप. आणि विल्यमचा पोशाख कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाचा आहे, रत्नजडित लांब पट्टा अंगाभोवती गुंडाळलेला. त्या काळी ‘देवाने नेमलेला राजा’ हे चित्रात सांगायची सगळ्यात जुनी आणि सगळ्यांना कळणारी भाषा बायझंटाइन होती. विल्यमला ती भाषा हवी होती, ती बोलणारा सम्राट नको होता. समोरच्या बाजूला दुसरं चित्र आहे, तिथे तो चर्चची छोटी प्रतिकृती मेरीच्या हाती देतोय. पहिल्या चित्रात ताठ उभा, दुसऱ्यात वाकलेला.

सम्राटाशी त्याचं नातं कडूच होतं. सम्राट मॅन्युएलने आपली मुलगी विल्यमला देऊ केली होती. ११७२ मध्ये ठरल्याप्रमाणे विल्यम तारांतो बंदरात नवरीची वाट बघत थांबला, आणि ती आलीच नाही. मॉन्रेआलेची सुरुवात झाली ती याच सुमाराची. ११८५ मध्ये विल्यमच्या सैन्याने बायझंटाइन साम्राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, थेसालोनिकी, घेऊन निर्दयपणे लुटलं. इकडे भिंतींवर ग्रीक संत चढत होते, तिकडे ग्रीक माणसं मारली जात होती. ‘तीन संस्कृतींचा सुंदर संगम’ असं मॉन्रेआलेबद्दल लिहिलं जातं, तेव्हा मला हे साल आठवतं.

एक छोटी चकवणारी गोष्ट. गाभाऱ्यातल्या संतांच्या रांगेत कँटरबरीचा थॉमस बेकेट आहे. बेकेटचा खून ११७० मध्ये झाला, इंग्लंडचा राजा हेन्री दुसरा याच्या सरदारांकडून. ११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. आणि ११७७ मध्ये विल्यमने लग्न केलं ते याच हेन्रीच्या मुलीशी, जोनशी. राणी प्रार्थनेला आली की वडिलांवर ज्याच्या रक्ताचा डाग होता तो माणूस भिंतीवरून तिच्याकडे बघायचा. बेकेटच्या सगळ्यात जुन्या चित्रांपैकी हे एक.

आता अरबी वाटा. खांबांवरच्या कमानी टोकदार आहेत. टोकदार कमान म्हटली की लोक पटकन गॉथिक म्हणतात, पण इथे ते चुकेल. गॉथिक इमारतीत टोकदार कमान वरच्या दगडी छताचा भार खाली आणते. इथे वर हलकं लाकडी छत आहे, कमानीवर फक्त भिंत उभी आहे. ही कमान आली उत्तर आफ्रिका आणि इजिप्तच्या इस्लामी इमारतींतून. कमानींखालचे ग्रॅनाइटचे खांब तर रोमन काळातले, जुन्या पडक्या इमारतींतून काढून आणलेले. काहींच्या माथ्यावर धान्याची देवी सेरेस आणि तिची मुलगी प्रोसर्पिना यांचे चेहरे आहेत. मेरीच्या मंदिराचा भार रोमन देव्यांच्या डोक्यावर! भिंतीच्या खालच्या भागात पांढऱ्या संगमरवराच्या पाट्या आणि त्यांच्यावर वेलबुट्टीची जी किनार आहे ती इस्लामी हातची वाटते. बाहेरून गाभाऱ्याची मागची भिंत बघितली तर काळ्या लाव्ह्याची आणि फिकट दगडाची जाळीदार नक्षी, कमानीत कमान अडकवलेली. समोरचा दर्शनी भाग त्यापुढे फिका पडतो. मागच्या बाजूला जाऊन बघणारे पर्यटक कमी, एवढंच वाईट वाटतं.

मुख्य दाराची कांस्याची झडप बोनान्नो या पिसाच्या कारागिराची, ११८६ सालची, ४२ चौकटींची. त्यावर त्याची सही आहे. बाजूचं दार त्रानीच्या बारिसानोचं. इथे ग्रीक किंवा अरबी फारसं काही नाही, त्यामुळे पुढे जाऊ.

मठाचं अंगण मात्र घाईने बघू नये. ४७ मीटरचा चौक, चारही बाजूंनी ओवऱ्या. त्यांच्या कमानी २२८ बारीक खांबांवर उभ्या आहेत, जोडीजोडीने, आणि कोपऱ्यात चार-चारच्या जुड्या. काही खांबांवर मोझेकची पट्टी नागमोडी चढत जाते, काहींवर कोरीव वेल. साधू इथे येरझाऱ्या घालायचे, वाचायचे. एका कोपऱ्यात छोट्या चौकात कारंजं आहे, त्याचा खांब ताडाच्या खोडासारखा. जेवणाआधी हात धुवायचे ते इथे. हे कारंजं कुठल्याही अरबी वाड्याच्या चौकात शोभलं असतं.

प्रत्येक खांबाच्या माथ्यावर वेगळं शिल्प. एकावर विल्यम पुन्हा मेरीला चर्च देतोय, एकावर बैलाचा बळी देणारा माणूस आहे, बाकींवर योद्धे, प्राणी, बायबलमधले प्रसंग. आणि एकावर लॅटिनमध्ये, मोडक्या व्याकरणात, एका कारागिराने कोरलंय: मी रोमानुस, कॉन्स्टंटिनसचा मुलगा, संगमरवराचं काम करणारा. नावं बघा, बाप-लेक दोघांचीही रोमन सम्राटांची. तो स्वतः ग्रीक होता की लॅटिन, हे त्या एका ओळीवरून ठरवता येत नाही. बारावं शतक सिसिलीत असंच होतं.

एवढ्या सोन्याचे पैसे आले कुठून?

इथे साधूंची दफ्तरं बोलतात. विल्यमने मठाला पश्चिम सिसिलीतला प्रचंड मुलूख इनाम दिला: इयातो, कोर्लेओने, कालात्राझी आणि आसपासची कितीतरी गावं. ११८२ च्या दस्तात या जमिनींच्या हद्दी लॅटिन आणि अरबीत लिहिल्या आहेत, कुठला ओढा, कुठला खडक, कुठली वाट. ११७८ आणि ११८३ च्या याद्यांत माणसांची नावं आहेत. ही मठाची कुळं, जमिनीला बांधलेली, आणि जवळजवळ सगळी अरबी नावांची. मेरीमातेच्या मंदिराचा खर्च मुसलमान शेतकऱ्यांच्या सारावसुलीतून भागत होता.

स्पेनमधला मुसलमान प्रवासी इब्न जुबैर ११८४ च्या शेवटी मक्केहून परतताना मेस्सिनापाशी जहाज फुटून सिसिलीत उतरला. विल्यमला अरबी लिहिता-वाचता येतं, त्याच्या स्वयंपाकघराचा प्रमुख मुसलमान आहे, याचं त्याला कौतुक वाटलं. पण बेटावरच्या मुसलमानांच्या मनातली भीतीही त्याने टिपून ठेवली. राजा आहे तोवर ठीक, पुढे काय?

पुढे काय ते लवकरच कळलं. विल्यम नोव्हेंबर ११८९ मध्ये, छत्तीसाव्या वर्षी, मूल नसताना वारला. काही आठवड्यांत पालेर्मोमध्ये मुसलमानांवर हल्ले झाले. मठाच्या कुळांनी नांगर टाकले आणि डोंगर धरले. त्यांचं सगळ्यात बळकट ठाणं झालं इयातो, म्हणजे मठाच्या इनामातलाच डोंगर. ज्यांच्या नावांची यादी साधूंच्या पेटीत होती, तेच लोक आता साधूंना वसुलीला वर चढू देत नव्हते. पवित्र रोमन सम्राट आणि आता सिसिलीचाही राजा असलेला फ्रेडरिक दुसरा याने १२२२ मध्ये इयातोला वेढा घातला, त्यानंतर हजारो लोकांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेरा गावी, नेऊन वसवलं. उरलेले तरीही लढत राहिले. १२४६ मध्ये इयातो शेवटचं पडलं आणि डोंगरावरचं गाव रिकामं झालं. मठाकडे जमिनी राहिल्या, त्यांच्या हद्दी सांगणारा अरबी-लॅटिन दस्त राहिला. नांगर धरणारं कुणी उरलं नाही.